पाय टेकेल अशी गाडी

आप्पांनी शेवटचा टाका ओढला, दोरा रापीने कापला आणि बूट दारातल्या उजेडात उलटासुलटा करून पाहिला. मग तो जोड धाकटीच्या पुढ्यात ठेवत म्हणाले, "घाल. हा काही सुटायचा नाही."

धाकटीने बूट घातले आणि ती चार बोटं उंच झाली.

घरात ती धाकटी, म्हणून सगळ्यांच्या तोंडी नावही धाकटीच पडलं होतं. थोरला होता तो दादा. गेल्या थंडीत तो गेला. डोंगरावरच्या तलावातून शहरात पाणी आणणारी जी मोठी पाइपलाइन आहे, तिच्यावर तो कामाला होता. रोज मोटरसायकलवरून पाइपाच्या कडेकडेने जायचं, कुठे गळतंय का ते बघायचं, व्हॉल्व्ह तपासायचे आणि परत यायचं. वाट कसली, दगडगोट्यांतून गेलेला एक ओरखडा. तिसऱ्या व्हॉल्व्हपाशी ती वाट तिरक्या उतारावरून जाते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. दादा तिथे वेगात नव्हता. गाडी बंद पडली, तो थांबला, त्याने दरीच्या बाजूचा पाय खाली टेकला आणि गाडीसकट त्याच बाजूला गेला. ऑफिसच्या कागदावर दोनच शब्द आले. पाय घसरला.

आता ती जागा ऑफिसने धाकटीला देऊ केली होती. ती त्याच ऑफिसात पाणी तपासायच्या खोलीत बाटल्या धुवायची, तिथलं तिचं तात्पुरतं काम महिनाअखेर संपणार होतं. आईला दोन वर्षांपासून बाहेरचं काम झेपत नव्हतं, आप्पांचे डोळे दुपारनंतर दगा द्यायचे. नोकरी नाकारण्यासारखी परिस्थिती नव्हती. अट एकच. गाडी स्वतःची हवी, आणि सोमवारी मुकादमासमोर तिसऱ्या व्हॉल्व्हपर्यंत जाऊन परत येऊन दाखवायचं. म्हणजे दादा जिथे कायमचा राहिला, तिथे जाऊन तिला परत यायचं होतं.

अडचण उंचीची होती. या घरात कुणीच उंच नाही. मामा म्हणायचा, "देव उंची वाटत होता तेव्हा भावोजी खाली मान घालून टाके मारत बसले होते, आणि माझी बहीण त्यांना चहा देत होती. दोघांनाही पत्ताच लागला नाही." आणि लाइनवर सगळेजण चालवायचे ती गाडी म्हणजे उंट. लांब पाय, पोट जमिनीपासून हातभर वर, मोठाले दगड सहज पार करणारी. दादाने तीच घेतली होती. पाय पुरत नव्हते. तेव्हा आप्पांनी तोड काढली. गाडी खाली येत नाही तर पोराला वर उचलू. जुन्या टायरचे थर एकावर एक चिकटवून त्यांनी चार बोटं जाड तळाचे बूट केले. दादाचे पाय जमिनीला लागले. सगळ्या लाइनवर आप्पांचं नाव झालं.

अपघातानंतर डावा बूट घरी आला तेव्हा त्याचा तळ अर्धा सुटून लोंबत होता. आप्पांनी तो मांडीवर घेतला आणि तीन दिवस तसेच बसून राहिले. मग त्यांनी तळ चिकटवायच्या सोल्युशनचा डबा मागच्या अंगणात नेऊन ओतला आणि त्या दिवसापासून जो येईल त्याला सांगत सुटले, "माझं सोल्युशन कच्चं निघालं. तळ सुटला आणि पोर गेलं." भेटायला येणारी माणसं म्हणायची, असं म्हणू नका. आप्पा पुन्हा तेच म्हणायचे. दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसं ते त्या डब्याकडे परत परत जायचे.

म्हणून धाकटीच्या बुटांना त्यांनी थेंबभरही सोल्युशन लावलं नव्हतं. चार बोटांचा तळ मेणाच्या दोऱ्याने आरपार शिवला होता, दुहेरी. आरीने त्यांच्या तळहाताला भोकं पडली होती.

"दादाची होती तीच गाडी घे," आप्पा म्हणाले. "दगडांना ती पुरून उरते. बाकी मी बघितलंय."

धाकटी दारात उभी राहून पायांवर डुलत होती. बूट खरंच मजबूत होते. तिला नीटसं कळेना, पण काहीतरी खटकत होतं. बाटल्या धुता धुता तपासणीवाल्या बाईंचं एक वाक्य तिच्या कानात बसलं होतं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे काय कशामुळे झालं ते कळतं. आप्पांनी एकच गोष्ट बदलली होती. चिकटवण्याऐवजी शिवलं होतं.

शनिवारी सकाळी मामाने त्याचा टेम्पो काढला आणि दोघं शहराबाहेरच्या जुन्या गाड्यांच्या आवारात गेले. तारेचं कुंपण, आत ऊन खाणाऱ्या पंचवीसेक गाड्या, आणि पत्र्याच्या शेडमधून हात पुसत येणारा गाडीवाला. त्याने धाकटीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि पायांवर त्याची नजर थांबली.

"हे बूट मी ओळखतो," तो म्हणाला. "लाइनवरचे ना?"

"आमच्या भावोजींच्या हातचे," मामा म्हणाला. "आधी बूट पोचतात, मग भाची पोचते."

गाडीवाल्याने उंट बाहेर काढला. धाकटी नुसती शेजारी उभी राहिली, तर सीट तिच्या बेंबीच्या वर येत होती. तिने डाव्या हाताने हँडल धरलं, एक पाय पलीकडे टाकला आणि चढली. तिच्या वजनाने गाडी थोडी खाली बसली. सपाट सिमेंटवर दोन्ही पायांचे चवडे टेकले.

"बघा!" गाडीवाला खूश. "बूट नसते तर मी तुम्हाला ही दाखवलीच नसती ताई. हवं तर मागचा शॉक खाली घेतो, सीटचा फोम कापतो, अजून दोन बोटं मिळतील."

"शॉक खाली घेतला की स्टँड लांब पडेल ना? उभी केली की पलीकडे पडेल."

गाडीवाल्याने मामाकडे पाहिलं. "ही शिकलीय कुठे?"

"बाटल्या धुते," मामा म्हणाला. "पण प्रश्न विचारायची खोड आहे. लहानपणी घड्याळ उघडलं होतं, ते अजून बंद आहे."

गियर बदलायला धाकटीने पाय उचलला, तर बुटाचं टोक लीव्हरखाली शिरेना. इतक्या जाड तळाला जागाच नव्हती. तिला सगळा पाय खालच्या पेगवरून, पाय ठेवायच्या दांड्यावरून, उचलून लीव्हर ढकलावा लागला. दादाने कसं केलं असेल? त्याने लीव्हर वर करून घेतला होता, हे तिला आठवलं. आप्पांना त्याने ते सांगितलं नव्हतं.

आवारातल्या सपाट जागेत तिने चार फेऱ्या मारल्या. गाडी ताकदीची होती, आणि थांबलं की पाय टेकत होते. मामाने हातानेच विचारलं, ठरवायचं का?

"उतारावर बघते," धाकटी म्हणाली.

शेडच्या मागे गाड्या टेम्पोत चढवायला मातीचा एक चढ केला होता, दगडगोट्यांचा. त्याची एक बाजू तिरकी उतरत होती. गाडीवाल्याचा चेहरा पडला. "ताई, तिथे कुणीही पडेल."

"दादा अशाच ठिकाणी पडला."

मामा खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला. धाकटी गाडी हळू घेऊन तिरक्या बाजूवर आली, डावीकडे उतार राहील अशी. मध्यावर तिने इंजिन बंद केलं. शहाणा माणूस अशा वेळी डोंगराकडे झुकतो, तिकडची जमीन जवळ असते. पण गाडी बंद पडते तेव्हा कुठे झुकायचं हे ती आपल्याला विचारत नाही. धाकटीने मुद्दाम तिला खालच्या बाजूला झुकू दिलं आणि डावा पाय टाकला.

पाय पोचला. इथपर्यंत आप्पांचा हिशेब बरोबर होता.

मग गाडीचं वजन आलं. तळाची बाहेरची कड एका गोट्यावर बसली. खाली चार बोटं न वाकणारं रबर, त्याच्यावर तिचं पाऊल, आणि पावलाला जमीन कुठे आहे याचा पत्ताच नाही. विटेच्या धारेवर उभं राहिल्यासारखं. वीट कलंडली आणि तिच्याबरोबर घोटा बाहेरच्या अंगाला मुडपला. त्यानंतरचं सगळं एका दमात झालं. मामाच्या खांद्यावर हँडल आदळलं, गाडीवाला ओरडला, आणि ती मातीत बसलेली होती, पाय गाडीखाली. चढ जेमतेम पुरुषभर उंच होता म्हणून बरं.

दोघांनी गाडी उचलली. मामा शिव्या देत होता, कुणाला ते त्यालाही ठाऊक नव्हतं. धाकटीने घोट्याकडे पाहिलं नाही. तिने बूट काढला आणि तळ फिरवून बघितला. माती झटकली. टाच, कड, चवडा. बोटाने एकेक टाका चाचपला.

एकही सुटला नव्हता.

म्हणजे सोल्युशनचा काही संबंध नव्हता. दादाचा तळही आधी सुटला नसेल. गाडीखाली फरफटत जाताना सुटला असेल, सगळं होऊन गेल्यावर. तळ पक्का असता तरी दादा पडलाच असता. किंबहुना तो इतका जाड आणि पक्का होता म्हणूनच. तिला उमाळा आला, पण रडू आलं नाही. तिने दुसराही बूट काढला, अनवाणी त्याच गोट्यांवर उभी राहिली आणि दुखऱ्या पायावर जरासा भार टाकला. बोटं दगडाला बिलगली, पाऊल उताराच्या कलाने आपोआप वळलं. दुखलं, पण उभी राहिली.

"मामा, तुझे बूट दे."

"काय?"

"कॅनव्हासचे. दे ना. आणि दादा," ती गाडीवाल्याला म्हणाली, आणि त्या शब्दावर स्वतःच अडखळली, "तुमच्याकडची सगळ्यात बुटकी गाडी कोणती?"

ती शेडच्या टोकाला पोत्याखाली होती. छोटी चाकं, जाड टायर, अरुंद सीट, रंग गेलेला. गाडीवाला तिला खेचर म्हणायचा. ओझी वाहणारी माणसं ती वापरत.

"ही गाडी आहे की शेळी?" मामा अनवाणी पायांनी सिमेंटवर नाचत म्हणाला. सिमेंट तापलं होतं.

"शेळी कधी डोंगरावरून पडलेली पाहिलीत?" गाडीवाला म्हणाला. मग धाकटीकडे वळून खरं तेच बोलला. "पोट खाली आहे हिचं. मोठा दगड आला तर वरून नाही जायचं, वळसा घालायचा. घासेल, आपटेल. हळू जाते. लाइनवरचे हसतील तुम्हाला."

खेचर तिने उलट्या दिशेने नेलं, उतार उजव्या बाजूला येईल असं, म्हणजे चांगला पाय खाली पडेल. मध्यावर इंजिन बंद. गाडी खाली झुकली. तिने कुल्ला सीटवरून सरकवला आणि मामाच्या सैल बुटातलं पाऊल अख्खं जमिनीवर बसलं. गाडी मांडीला टेकून थांबली. पुन्हा केलं. मग अजून एकदा, मुद्दाम गोट्यांवर. दर वेळी थांबली.

व्यवहार झाला. खेचर टेम्पोत चढलं.

परतीच्या वाटेवर मामाने टेम्पोचा वेग कमी केला.

"भावोजींना काय सांगायचं?"

"माहीत नाही."

"सांगू की ती उंच गाडी कुणीतरी आधीच नेली. हीच उरली होती."

"आणि बूट?"

"बूट घाल ना. पहिल्या वळणापर्यंत घाल. मग काढून पिशवीत टाक. माणसाला जगायला एवढं तरी ठेवावं गं. त्याने दहा महिन्यांत पहिल्यांदा हातात आरी धरली."

धाकटीला ते पटलं. पुढच्या वळणापर्यंत खरंच पटलं. मग तिला आठवलं, गुरुवारी लाइनवरचा एक नवा माणूस दुकानात येऊन तसल्याच जाड तळाच्या बुटांसाठी पायाचं माप देऊन गेला होता. तोही बुटकाच. त्याचा कागद आप्पांनी भिंतीला खिळ्याला लावला होता.

घराच्या पुढच्या खोलीत आप्पांचं दुकान. दिवे लागायची वेळ होती. टेम्पोतून लंगडत उतरणाऱ्या लेकीला पाहून ते उठलेच नाहीत, फक्त हात पुढे केला. "बूट."

तिने दिला.

आप्पांनी तो बल्बखाली धरला. डोळे बारीक केले, मग डोळ्यांवरचा भरवसा सोडून अंगठा फिरवला, टाचेपासून चवड्यापर्यंत आणि पुन्हा टाचेपर्यंत. "पडलीस?"

"हो."

"गाडी अंगावर आली?"

"हो."

"आणि एकही टाका नाही सुटला." त्यांचा आवाज चढला. "एकही नाही! अगं, बाहेर ये. बघ. धरला बघ. गाडी अंगावर आली तरी धरला."

आई ओले हात पदराला पुसत आली. दादा गेल्यापासून आप्पांच्या चेहऱ्यावर कुणी हसू पाहिलं नव्हतं. आता ते होतं, थोडंसं, ओठांच्या एका कोपऱ्यात. आईने बुटाकडे पाहिलं नाही. तिने धाकटीच्या पायाकडे पाहिलं. घोटा निळा पडून फुगला होता.

"अहो, मग ही पडली कशी?" आई म्हणाली.

मामा घाईघाईने बोलला, "तोल गेला हो तिचा, ती गाडीच…"

"मामा, थांब." धाकटी स्टुलावर बसली. "घोटा मुडपला, आप्पा."

"कुठल्या अंगाला?"

"बाहेरच्या."

आप्पांच्या हातातला बूट तसाच राहिला. दादाचे पाय शेवटचे त्यांनीच धुतले होते. डावा घोटा कुठल्या अंगाला वळला होता, हे या घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

मग ते म्हणाले, "सोल्युशन…"

"सोल्युशन पक्कं होतं, आप्पा."

हे ती त्यांना धीर द्यायला म्हणाली होती. तोंडातून निघाल्यावर तिला कळलं की याहून वाईट दुसरं काही बोलता आलं नसतं. आप्पांनी मान हलवली, गिऱ्हाईकाची तक्रार ऐकल्यासारखी. बूट खाली ठेवला. जोडातला दुसरा त्याच्या शेजारी सरळ लावला. मग उठून भिंतीवरचा मापाचा कागद खिळ्यावरून काढला, घडी घातली आणि धाकटीच्या हातात दिला.

"त्याला परत दे. म्हणावं, दुकानातले घे."

"आप्पा, पातळ तळाचे शिवा ना. त्याला आणि मला."

"तू पण दुकानातलेच घे," ते म्हणाले. "तयार मिळतात. चांगले असतात."

आई काहीतरी बोलणार होती. मामाने तिचा हात धरला. आप्पा आत गेले आणि अंथरुणावर भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला उठले नाहीत.

रविवारी धाकटी आयुष्यात पहिल्यांदा बुटांच्या दुकानात गेली. काचेमागे रांगेने बूट मांडले होते, आत थंड हवा होती. विकणाऱ्या मुलीने हसून विचारलं, "नंबर काय?"

"कसला?"

"तुमचा. पायाचा."

धाकटीला सांगता येईना. तिच्या पायाचं माप आजवर एकाच माणसाने घेतलं होतं, कागदावर पेन्सिल फिरवून, आणि फिरवता फिरवता तो तिला गुदगुल्या करायचा.

"जुन्या बुटांच्या तळाला लिहिलेला असतो बघा," मुलगी म्हणाली.

"आमच्यावर नसतो."

मुलीने एक पत्र्याची पट्टी आणली आणि तिच्यावर पाय ठेवायला सांगितलं. सुजेमुळे दोन पायांचे दोन नंबर आले. मोठा घेतला.

सोमवारी मुकादम तिचं खेचर बघून हसला, गाडीवाल्याने सांगितलं होतं तसाच. तो आपल्या उंटावरून पुढे गेला. ती मागून, वळसे घेत, पोट घासत. पहिला व्हॉल्व्ह, दुसरा. तिसऱ्याच्या अलीकडे वाट तिरकी झाली आणि तिच्या डाव्या हाताला दरी आली. खाली कुठेतरी दादाच्या गाडीच्या रंगाचा एक ओरखडा अजून दगडावर होता. तिने तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं. त्या एका क्षणात चाक दगडाला अडलं आणि इंजिन बंद पडलं.

गाडी दरीकडे झुकली. धाकटीने कुल्ला सरकवला, पाय टाकला. दुखरा घोटा कळवळला. तळ दगडावर बसला, पाऊल वळलं, धरलं. गाडी मांडीला टेकून उभी राहिली. वारा पाइपावरून शीळ घालत गेला. बाकी काहीच झालं नाही.

इतकंच होतं ते. गाडी चार बोटं खाली असायला हवी होती, एवढंच.

पुढून मुकादमाने मागे वळून हाक मारली, "काय गं, अडकलीस का?"

"नाही," ती ओरडली. "आले."

पण पाय जमिनीवरून उचलायला तिला बराच वेळ लागला.